गुळाचा पुरावा

विजयसिंह इंगवले यांनी उभा जन्म एसटीचं स्टिअरिंग धरून काढला आणि साठी गाठल्यावर वकिलीच्या वर्गात जाऊन बसले. आपल्या गाडीला आयुष्यात कधी ओरखडा उठला नाही, असं ते छाती काढून सांगतात. ते काही खरं नाही. एकदा आजऱ्याच्या अलीकडे एका म्हशीनं आपण होऊन गाडीला धडक दिली होती. पण चूक म्हशीची कशी होती, हे त्यांनी खात्याच्या चौकशीत असं काही खणखणीत मांडलं की साहेबांनी हसू दाबत फाईल मिटली. तेव्हापासून डेपोत कुणावर चौकशी लागली की तो माणूस विजयसिंहांना सोबत घेऊन जायचा. "तुमी नुसतं शेजारी बसा, इंगवले. तुमचा आवाजच पुरं हाय."

आवाज खरंच तसा होता. कळंब्यातल्या त्यांच्या घरी फोन आला की अख्ख्या गल्लीला बातमी कळायची. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाले, भाषणं झाली आणि कुणीतरी म्हणालं, आता काळा कोट घाला की. सगळे हसले. विजयसिंह तेवढे हसले नाहीत. नोकरीत असतानाच त्यांनी मुक्त विद्यापीठाची पदवी घेऊन ठेवली होती. ती कशासाठी घेतली, याचं उत्तर त्यांना त्या दिवशी सापडलं.

"ह्या वयात माणसं नातवंडं खेळवत्यात," त्यांची बायको शालन म्हणाली, "तुमी कोर्ट खेळवा." पण प्रवेशपरीक्षेच्या दिवशी तिनंच कपाळाला अंगारा लावून पाठवलं.

कॉलेजात सगळी पोरं त्यांना काका म्हणायची. प्राध्यापकसुद्धा एकदोनदा चुकून म्हणून गेले. त्यांच्या शेजारी बसायची इरम. सदर बाजारातली, टेलरची मुलगी, डोकं वस्तऱ्यासारखं आणि आवाज असा की पहिल्या बाकालाही ऐकू जाऊ नये. दोघांनी आपसांत करार करून टाकला. इरमनं काकांना कलमं समजावून सांगायची आणि काकांनी इरमला बोलायला शिकवायचं. पहिला धडा कळंबा तलावाच्या काठावर झाला. विजयसिंहांनी तिला पाण्याकडे तोंड करून उभं केलं आणि सांगितलं, "पलीकडच्या काठावर गिऱ्हाईक उभं हाय असं समज. वरड. कागल, निप्पाणी, संकेश्वर!" इरम लाजली, मग ओरडली, मग अशी ओरडली की तलावातले बगळे उडाले. पुढं कॉलेजातल्या लुटुपुटूच्या खटल्यात तिनं युक्तिवाद सुरू केला, तेव्हा न्यायाधीश झालेले सर खुर्चीत दचकून सरळ बसले.

तर असं सगळं मजेत चाललं होतं. बरोबर नेहमीचे तीन सोबती होते. बीपी नोकरीपासूनचं. गुडघा क्लचनं खाल्लेला. आणि तिसरी शुगर, अलीकडे आलेली, जिच्याकडे विजयसिंह नकोशा पाहुण्याकडे करतात तसा काणाडोळा करत होते. गोळी आठवली तर घ्यायची, नाहीतर ती खिशातच राहायची.

त्यांना गर्व होता तो डोळ्यांचा. दरवर्षी खात्याची नेत्रतपासणी व्हायची. विजयसिंह भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ धडाधड वाचायचे आणि वर डॉक्टरांना विचारायचे, "आनि खाली काय हाय का?" हा त्यांचा ठरलेला विनोद होता, पण त्याच्यामागे एक भीती होती. त्यांचे वडील केरबा, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, शुगरनं आंधळे झाले होते. रात्रीतून नाही, हळूहळू. आधी लांबची माणसं पुसली गेली, मग जवळची. शेवटची कितीतरी वर्षं आबा दाराशी कट्ट्यावर बसून राहायचे आणि पाऊल वाजलं की मान वर करून विचारायचे, "कोन हाय?" खाकी अंगावर घेऊन ड्युटीवरून आलेल्या मुलालाही विचारायचे. त्या प्रश्नाला "मी हाय, आबा" असं उत्तर देताना विजयसिंहांचा तो प्रसिद्ध आवाज दरवेळी बसायचा.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत पहिली गंमत झाली. भाऊबीजेला आक्काकडे निघाले. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, कुरुंदवाडला दिलेली. स्टँडवर दोन गाड्या शेजारी उभ्या होत्या आणि दोन्हींचे बोर्ड पाण्यात भिजल्यासारखे दिसत होते. विजयसिंहांनी डोळे चोळले, बारीक केले, एक मिटून पाहिला. कुणाला तरी विचारलं असतं तर काम झालं असतं. पण ज्या स्टँडवर उभी नोकरी केली, तिथं इंगवले विचारणार, ही गाडी कुठली म्हणून? ते ऐटीत चढले आणि पहिल्या बाकावर बसले.

कंडक्टर सम्राट, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. "काका, कुठं?"

"कुरुंदवाड एक."

सम्राट थांबला. "काका, ही कागल हाय."

मग विजयसिंह म्हणाले, "म्हायत हाय की. तू जागा हाईस का बघत हुतो. कागल दे."

कावळा नाक्यावर गाडी शिरोलीकडे, म्हणजे कुरुंदवाडच्या वाटेला, जायची सोडून उजवीकडे वळली. तिथं उतरता आलं असतं. पण उतरलं असतं तर सम्राटला कळलं असतं, म्हणून आमचा हा बहाद्दर कागलपर्यंत गेला, स्टँडवर चहा प्यायला आणि परत फिरला. आक्काकडे पोचेपर्यंत दिवे लागले होते. "मी सकाळपास्नं ताट करून बसलोय," आक्का कडाडली, "कुठं गेलतास रं?" विजयसिंहांनी गाडी पंक्चर झाल्याचं सांगितलं. डेपोत मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांना सगळं कळलं होतं.

कुरुंदवाडहून परतल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते चष्म्याचं. दुकानदारानं मशीन लावलं, नंबर काढला, लांबचा आणि जवळचा एकाच काचेत बसवून दिला आणि बजावलं, "सवय होईपर्यंत काढू नका." चष्मा घातला आणि रस्त्यावरच्या पाट्या लख्ख झाल्या. विजयसिंहांनी घरी जाईपर्यंत वाटेतली एकूण एक पाटी मोठ्यानं वाचली. शालन रिक्षात त्यांच्या शेजारी बसून रिक्षावाल्याची माफी मागत होती.

पण शालनचं लक्ष भलतीकडेच होतं. माणूस तांब्यामागून तांब्या पाणी पितोय आणि वजन उतरत चाललंय. तिनं त्यांना नेहमीच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. रक्त तपासलं, शुगर आभाळाला टेकलेली. डॉक्टरांनी औषध वाढवलं आणि बोट रोखून सांगितलं, "साखर बंद. पूर्ण बंद."

आता विजयसिंह हे शब्दाला जागणारे गृहस्थ. घरी आल्या आल्या त्यांनी साखरेचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला. चहात साखर नाही, लाडू नाही, पेढा नाही, कुणाच्या लग्नात जिलेबीकडे नजर नाही. गल्लीत कुणी भेटलं की तिथंच व्याख्यान. "साखर म्हंजे विष बघा, पावणं. कारखान्यातली पांढरी माती. सोडून द्या."

आणि साखरेच्या जागी त्यांनी गूळ आणला. कोल्हापूरच्या माणसाला तुम्ही गुळाबद्दल काही सांगायला जाऊ नका. गूळ म्हणजे त्याच्या लेखी गोड पदार्थ नव्हेच, ते औषध आहे. साखर कारखान्याची आणि गूळ आपला, इतकं ते साधं आहे. थंडीत गुऱ्हाळं पेटली आणि आक्कानं सासरच्या गुऱ्हाळातला पिवळाधमक नवा रवा, म्हणजे चांगली दहा किलोची ढेप, आणि एक कॅन काकवी धाडली. "साखर सोडलीस म्हनं. लय ब्येस केलंस. ह्ये खा, अंगात ताकद ईल." मग काय विचारता. सकाळी गुळाचा चहा, दुपारी भाकरीवर काकवीची धार आणि पुस्तक उघडलं की वाटीत गूळ-शेंगदाणे. विजयसिंहांना आपल्या त्यागाचं इतकं कौतुक वाटत होतं की वर्गातल्या पोरांनाही ते तोंडपाठ झालं होतं.

संक्रांत झाल्यावर पुन्हा रक्त तपासलं. शुगर उतरायची सोडून वर चढली होती. डॉक्टर कागदाकडे पाहतच राहिले.

"साखर खाताय ना लपूनछपून?"

"आबांची शपथ," विजयसिंह गरजले. बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. "दिवाळीपास्नं साखरंचा कण तोंडात न्हाय!"

"खरं हाय," शालन म्हणाली. नवऱ्याची बाजू सावरावी म्हणून ती बिचारी पुढे बोलली, "गुळावरच हाईत की."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी समजावलं की रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर यांत शरीर भेदभाव करत नाही. विजयसिंहांना ते पटायला अख्खा दिवस लागला. घरचाच माणूस फितूर व्हावा, तसा त्यांना तो गूळ वाटला. पण पटलं तेव्हा पुरतं पटलं. उरलेला रवा शालननं फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. तलावाभोवती पहाटेची फेरी सुरू झाली. गोळ्यांसाठी फोनवर गजर लागला, तोही एसटीच्या हॉर्नच्या आवाजाचा. तो वर्गात वाजला की सगळी पोरं एकसुरात म्हणायची, "काका, गाडी लागली!" आणि काका पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेऊन टाकायचे. इरम आपल्या डब्यातली मटकीची उसळ आणि काकडी त्यांच्यापुढे सरकवायची आणि त्यांच्या डब्यातली भाकरी घ्यायची.

मार्चमध्ये शुगर अशी उतरली की डॉक्टरांनी उठून हात मिळवला. "इंगवले, पास झालात."

आणि नेमकं तेव्हापासून अक्षरं विरघळायला लागली.

आधी त्यांना वाटलं, पुस्तकाची छपाई वाईट आहे. त्यांनी दुसरं पुस्तक आणलं. मग वाटलं, बल्ब मंद झालाय. बल्ब बदलला. चष्मा पुसून पुसून काच झिजायची वेळ आली. एकदा चष्मा कपाळावर सरकवून पाहिला, तर पुस्तकातलं अक्षर आणखीच धूसर. म्हणजे चष्म्याशिवाय त्याहून गेलेलं, असा त्यांनी निकाल लावला आणि चष्मा पुन्हा नाकावर चढवला. फळ्यावरचं दिसेना, पुस्तकातलं दिसेना. शेवटची सहामाही, परीक्षा तोंडावर आलेली, आणि ओळीवर ओळ चढलेली.

ते कुणाला काही बोलले नाहीत. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण खरी भीती वाटली की गप्प बसायचा. इरमला मात्र म्हणाले, "पोरी, तुझ्या तोंडचं लवकर ध्येनात ऱ्हातंय. फोनवर बोलून धाड की." इरम रोज संध्याकाळी धडा बोलून पाठवायला लागली, आणि आता तिचा आवाज चांगला तापलेला होता. विजयसिंह कानात इअरफोन घालून तलावाभोवती फिरायचे आणि तिच्या मागोमाग मोठ्यानं घोकायचे. "संशयाचा फायदा आरोपीला!" असं कुणीतरी अचानक मागून गरजल्यावर फिरायला आलेली माणसं बाजूला व्हायची. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा हा माणूस, कानानं शिकणं त्याला जमून गेलं. धडे पाठ होत होते. पण प्रश्नपत्रिका काही इरम वाचून दाखवणार नव्हती.

अभ्यासाचं एक नुकसान असतं. माणूस शिकलेलं वापरायला लागतो. विजयसिंहांनी घरच्या घरी आपल्या डोळ्यांचा खटला उभा केला. गूळ खात होतो तोवर चष्म्यातून मुंगी दिसत होती. गूळ बंद केला, नजर बंद झाली. मधे दुसरं काही बदललं नाही. यावरून काय सिद्ध होतं? तर गूळ डोळ्यांना लागतो. त्यांनी दोन्ही बाजूंनी तपासून पाहिलं, पुराव्यात कुठं फट दिसेना. आता या युक्तिवादाला हसायचं की रडायचं ते तुम्ही ठरवा, पण त्या माणसाला त्यावर विश्वास ठेवायचा होता. कारण दुसरं उत्तर आबांच्या कट्ट्यावर जात होतं.

एका दुपारी शालन भिशीला गेली होती. विजयसिंहांनी स्टूल ओढलं, दुखरा गुडघा सांभाळत वर चढले आणि माळ्यावर चाचपडायला लागले. रवा हाताला लागला. गाठ सोडून त्यांनी एक खडा फोडला. तो तोंडात टाकणार इतक्यात दार वाजलं. भिशी लवकर आटोपली होती.

शालन दारात उभी. नवरा स्टुलावर, हातात गूळ. तिनं काही म्हणायच्या आधीच त्यांच्या तोंडून निघालं, "कोन हाय?"

दार आणि स्टूल यांच्यात चार हातांचं अंतर होतं. शालन ऊन पाठीशी घेऊन उभी होती, त्यामुळे कुणालाही ती लगेच ओळखू आली नसती. पण शब्द तेच होते आणि ते दोघांनाही ऐकू आले. वीस वर्षं शालननं त्याच प्रश्नाला "मी हाय, आबा" असं उत्तर देत सासऱ्याला ताट वाढलं होतं.

"खाली या आधी," ती हळू म्हणाली.

विजयसिंह खाली उतरले आणि स्टुलावरच बसले. "शालन, मला दिसंना झालंय गं." एवढं बोलले आणि साठी ओलांडलेला तो गडी लहान पोरासारखा रडला. "म्हैना झाला. समदं धुरकाट दिसतंय. पथ्य केलं, चाललो, गोळ्या खाल्ल्या, आनि डोळंच गेलं."

"आनि हे मला आत्ता सांगतासा?" शालनचे डोळे भरले होते, पण आवाज नवऱ्याइतकाच चढला. "गल्लीला समदं सांगतासा, आनि घरात न्हाय?" तिनं त्यांच्या हातातला खडा काढून घेतला आणि इरमला फोन लावला. कारण इरमची चुलत बहीण डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती, हे शालनच्या ध्यानात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं दवाखान्यात. डॉक्टर प्रियदर्शनी, पस्तिशीच्या, हसऱ्या, पण घाईत न बोलणाऱ्या. "काय होतंय काका?" त्यांनी विचारलं.

विजयसिंह उभे राहिले. बसून बोलायची त्यांना सवयच नव्हती. गळा साफ करून त्यांनी गुळाची बाजू मांडली. दिवाळीपासूनचा सगळा घटनाक्रम, आधी काय दिसत होतं, गूळ कधी सुरू झाला, कधी थांबला, त्यानंतर काय झालं. शेवटी आवाज उंचावून म्हणाले, "तवा मॅडम, माझं म्हननं एवढंच हाय, की रोज एक खडा तरी चालू करावा. नजरंसाठी."

इरमनं तोंडावर ओढणी घेतली होती. तिचे खांदे हलत होते. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"मी उलटतपासणी घेऊ का, वकीलसाहेब?"

वकीलसाहेब म्हटल्यावर विजयसिंह विरघळले. "घ्या की."

"हा चष्मा कधी केलात?"

"दिवाळी झाल्या झाल्या."

"तेव्हा शुगर किती होती?"

"तपासायच्या आधीच केला. पन नंतर तपासली तर लय हुती."

"गूळ खात होता तेव्हा?"

"त्याहून लय."

"आणि आता?"

"आता झ्याक हाय. पास झालोय."

"म्हणजे डोळ्यांचा नंबर काढला शुगर चढलेली असताना. पुढेही ती चढलेलीच राहिली, म्हणून चष्मा जुळत राहिला. मग शुगर उतरली. चष्मा बदललात?"

आपलाच साक्षीदार फुटतोय, हे वकिलाला जसं पायाखालून कळतं तसं विजयसिंहांना कळायला लागलं. "न्हाय," ते म्हणाले.

"रक्तात साखर फार झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं, काका. नंबर पार बदलून जातो. साखर खाली आली की भिंग हळूहळू मूळ जागेवर येतं. तुमचे डोळे बरे होऊन घरी आलेत. चष्मा अजून दिवाळीतच आहे." त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला, विजयसिंहांना खिडकीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "लांबचं बघा. ती बस येतेय, कुठली आहे?"

विजयसिंहांनी बाहेर पाहिलं. कोपऱ्यावरून शहर बस वळत होती. सवयीनं डोळे बारीक केले, मग उघडले. बोर्ड स्वच्छ होता. अगदी स्वच्छ, नोकरीत दिसायचा तसा.

"कळंबा," ते म्हणाले. मग खिडकीतून अशा आवाजात ओरडले की खालचा भाजीवाला वर बघायला लागला. "कळंबा! शालन, कळंबा हाय ती!"

मग नाकावर ती जड गोल फ्रेम चढली, भिंगं बदलली, तक्ता उजळला. विजयसिंह एकेक ओळ खाली उतरत गेले. शेवटची ओळ वाचून झाली. त्यांनी खाकरून विचारलं, "आनि खाली काय हाय का?" आणि शालन पदर तोंडाला लावून एकदम हसायला आणि रडायला लागली.

पण एक तपासणी राहिली होती, आणि खरी तीच होती. डोळ्यांत थेंब घालून डॉक्टरांनी आतला पडदा बघितला. बराच वेळ बघितला. त्या वेळात विजयसिंहांनी शालनचा हात धरून ठेवला होता.

"पडदा चांगला आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांचा."

"माझ्या वडलांचं गेलं हुतं मॅडम. शुगरनं."

"त्यांचा पडदा कुणी बघितला होता का कधी? सुरुवातीला?"

विजयसिंहांनी नाही म्हणून मान हलवली. आबांना दिसेनासं झालं तेव्हा घरात सगळे म्हणाले होते, वय झालं. आबाही तेच म्हणाले होते. कुणी काही विचारलंच नव्हतं.

"तुमचा दरवर्षी बघायचा. शुगर अशीच ठेवायची," डॉक्टर म्हणाल्या. "आणि खडा नाही. एकसुद्धा."

"केस मागं घेतली," विजयसिंह म्हणाले.

नवा चष्मा परीक्षेच्या आधी आला. फक्त वाचायचा, नाकाच्या शेंड्यावर ठेवायचा. परीक्षेला जाताना खिशात गोळ्या, फुटाण्याची पुडी आणि शालनचा अंगारा होता. प्रश्नपत्रिका हातात पडली. त्यांनी आधी प्रश्न वाचलेच नाहीत. तळाशी बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचलं, मग वरपासून सूचना वाचल्या, एकूण एक. दिसणं ही केवढी मोठी चैन आहे, असं त्यांना वाटलं, आणि ते मनातल्या मनात न म्हणता मोठ्यानं म्हटल्यामुळे पर्यवेक्षकांनी डोळे वटारले. मग त्यांनी पेन उचललं. लिहिताना प्रत्येक उत्तर त्यांना इरमच्या आवाजात ऐकू येत होतं.

निकाल लागला. इरम कॉलेजात पहिली आली. विजयसिंह काठावर म्हणावं तसे, पण पास झाले. डेपोतल्या लोकांनी स्टँडच्या चहागाडीवर त्यांचा सत्कार केला आणि बिनसाखरेचा चहा पाजला. पेढे सगळ्यांनी खाल्ले. ज्याच्यासाठी आणले होते त्यानं वाटले.

तिथूनच ते आक्काकडे निघाले होते. नवा काळा कोट मुद्दाम अंगावर घालून, कारण आक्कानं बघायचं म्हटलं होतं. उन्हात घामाच्या धारा लागल्या होत्या, पण कोट काही निघाला नाही. कुरुंदवाडची गाडी लागली. दारात सम्राट उभा होता.

"काका, बोर्ड वाचून दाखवू का?"

"गप रं. ही कुरुंदवाड. पलीकडची कागल. त्या टोकाची गारगोटी, तिच्या काचंवर तडा गेलाय, डायव्हरला सांग." स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली.

फलाटावर एक म्हातारी पिशवी धरून उभी होती. कागलच्या गाडीकडे बघत होती, मग कुरुंदवाडच्या. डोळे बारीक करत होती, एक मिटून बघत होती. शेजारून माणसं जात होती, पण ती कुणाला विचारत नव्हती. विजयसिंहांनी पायरीवर टाकलेला पाय मागे घेतला.

"काका, गाडी सुटली!" सम्राटनं घंटी मारली.

"जाऊ दे तिला. मागनं दुसरी हाय," विजयसिंह म्हणाले. ते म्हातारीजवळ गेले. कधी नव्हे तो आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "मावशी, बोर्ड दिसंना झालाय न्हवं?"

म्हातारी दचकली. "वय झालं बाबा," ती म्हणाली.

"न्हाय, वयाचं काय न्हाय," विजयसिंह म्हणाले आणि तिच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली. "आदी मला सांगा, चहात काय घालतासा?"